कोंबडी, मासळी आणि जड धातू

वर्धा जिल्ह्यात धाम-बोर नद्यांच्या काठी मासळी आणि पोल्ट्रीची कोंबडी दोन्ही आवडीने खाल्ली जातात. शिसे, कॅडमियम, पारा हे जड धातू मात्र कितीही शिजवले तरी नष्ट होत नाहीत. कोंबडीत ते दूषित खाद्य-पाण्यातून येतात, माशांत पाण्या-गाळातूनही. शिसे हाडांत साठते, कॅडमियम कलेजीत आणि मूत्रपिंडात, पारा माशाच्या मांसात. लहान मासे खाणाऱ्या मरळीत रोहूपेक्षा पारा जास्त साठू शकतो. माणसात शिसे मुलांच्या बुद्धीवर, कॅडमियम मूत्रपिंडावर घाला घालते. पाऱ्याचा कहर जपानच्या मिनामातात १९५६ मध्ये उघड झाला. तरी मासळी सोडू नका, प्रकार बदलत खा. कलेजी रोज नको. पोल्ट्रीवाल्यांनी बोअरचे पाणी आणि खाद्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.