जुना संगणक आणि बिनतारी जाळे

संगणक निकामी ठरविण्याची एक नवीच तऱ्हा अलीकडे रूढ झाली आहे. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, कळफलकावरील अक्षरे बिनचूक उमटतात. तरीही ते निकामी ठरते. कारण त्यावरील कार्यप्रणालीस यापुढे दुरुस्त्या पुरवावयाच्या नाहीत, असे तिच्या निर्मात्याने ठरविलेले असते. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या पुढच्या विंडोज ११ ला निदान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. दहाबारा वर्षांपूर्वीच्या यंत्रांत ही शेवटची गोष्ट बहुधा नसतेच. मग काय करावयाचे? नरखेड तालुक्यासारख्या भागात, जेथे संत्र्याचा एक बहार गळाला की वर्षाचा हिशेब कोलमडतो, तेथे चालते यंत्र मोडीत काढून नवे घेणे किती घरांना आणि किती शाळांना परवडणार?

या प्रश्नाचे एक उत्तर उपलब्ध आहे, आणि ते फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचा कार्यप्रणालीचा गाभा जगापुढे ठेवला. या गाभ्यास कर्नल म्हणतात. त्याच्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळ्या प्रणाली रचल्या. त्यांपैकी काही मुद्दाम हलक्या ठेवलेल्या आहेत: लुबुंटू, अँटिएक्स, पपी, अथवा डेबियनवर एलएक्सक्यूटी हा साधा पडदा. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्याच आधारे बॉस ही प्रणाली तयार केली व तिच्यात भारतीय भाषांची सोय केली. अशा प्रणालीने जुने यंत्र पुन्हा उभे राहते, याविषयी आम्हांस शंका नाही.

परंतु अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. प्रणाली बसते, पडदा दिसतो, आणि कोपऱ्यातील वायफायचे चिन्ह मात्र उगवतच नाही. शेजारचा मोबाइल त्याच जाळ्यावर चालत असतो. संगणकास ते जाळे दिसतदेखील नाही. 'लिनक्स आपल्या कामाचे नव्हे' असा निकाल येथेच लागतो आणि यंत्र भंगारवाल्याकडे जाते. या निकालाविरुद्ध अपील करावे, हाच आमच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की वायफाय अडॅप्टर, मग तो आतील पट्टी असो वा बाहेरून खोचावयाचे डोंगल, हा स्वतःच एक लहानसा संगणक असतो. त्याला कामास लावण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली ड्रायव्हर, म्हणजे कर्नल व अडॅप्टर यांच्यामधला दुभाषा. दुसरी फर्मवेअर, म्हणजे अडॅप्टरच्या आतल्या चिपने स्वतः पाळावयाच्या सूचना. बऱ्याच अडॅप्टरांत या सूचना कायमच्या कोरलेल्या नसतात. वीज मिळाली की संगणकाने त्या दर वेळी आत भरावयाच्या असतात. ड्रायव्हर बहुधा कर्नलबरोबरच येतो. फर्मवेअरची फाइल मात्र चिप बनविणाऱ्या कंपनीची असते, आणि ती वाटण्याची परवानगी कंपनीच्या मर्जीवर असते. ती फाइल हजर नसेल तर धडधाकट अडॅप्टरही मुका बसतो. बिघाड यंत्रात नसतो. एक फाइल गैरहजर असते, इतकेच.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. रायगड जिल्ह्यात कर्जतनजीकच्या खैरात येथील छोट्या शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलास एक संगणक' या जागतिक उपक्रमाची चाचणी झाली. मुलांच्या हाती जे एक्सओ यंत्र दिले गेले, त्याचा प्रक्रियक ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ एमबी आणि साठवण १ जीबी होती. आजच्या साध्या मोबाइलपुढेही हे भांडवल नगण्य होय. तरीही हलक्या लिनक्सवर ते यंत्र चाले, आणि बिनतारी पद्धतीने शेजारच्या यंत्राशी थेट जोडले जाई. त्याची वायफाय चिप मार्वेल कंपनीची होती. तिचा ड्रायव्हर खुला होता, पण फर्मवेअर बंद होते. आणि या एका बाबीवरून मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी त्या उपक्रमावर टीकाही केली. सारे यंत्र खुले आणि एक कुलूप मात्र परक्याच्या हाती, अशी ही स्थिती होती.

डेबियनने अनेक वर्षे अशा बंद फाइली आपल्या अधिकृत प्रतीत घेतल्या नाहीत. तत्त्व शुद्ध होते, पण नवख्या माणसाला त्याचा जाच होई. अखेर २०२२ साली सभासदांचे मत घेण्यात आले, आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ पासून आवश्यक फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळू लागले. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, कोणीतरी जुन्या पेनड्राइव्हवर ठेवलेली प्रत वापरू नये; नवी घ्यावी. निम्मी दुखणी तेवढ्यानेच टळतात.

उरलेल्यांसाठी तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा. विहिरीवरची मोटार सुरू होत नसेल तर शहाणा शेतकरी पहिल्याच झटक्यास पंप उपसून काढीत नाही. तो आधी लाइन पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, आणि सर्वांत शेवटी पंपाला हात घालतो. येथेही तोच क्रम लावावा.

पहिली पायरी: अडॅप्टर संगणकास दिसतो काय? डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी' आणि आतील पट्टी असेल तर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्यावी. यादीत नाव येत नसेल तर डोंगल दुसऱ्या छिद्रात, शक्यतो यंत्राच्या मागील बाजूस, खोचून पाहावे. काही डोंगले प्रथम स्वतःस सीडी म्हणून सादर करतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. त्यांना 'यूएसबी मोडस्विच' या साधनाने मूळ रूपात आणावे लागते.

दुसरी पायरी: चिप कोणती? खोक्यावरील नावावर विसंबू नये. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन ७२५ एन हा लहानसा डोंगल घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत रिअलटेकची ८१८८ सीयूएस चिप होती, नंतरच्या आवृत्त्यांत ८१८८ ईयूएस आली. नाव एक, रूप एक, पण ड्रायव्हरच्या दृष्टीने प्राणी दोन. यादीत दिसणारा आठ अंकाक्षरांचा क्रमांक हीच चिपची खरी ओळख होय. तो कागदावर उतरवून घ्यावा.

तिसरी पायरी: ड्रायव्हर व फर्मवेअर मिळाले काय? 'डीएमईएसजी' या आज्ञेने कर्नलची रोजनिशी वाचता येते. तेथे फर्मवेअरची अमुक फाइल सापडली नाही असे वाक्य दिसले, तर रोगाचे निदान झालेच म्हणावयाचे. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांत आणखी एक गुंता असतो: त्यांच्यासाठी दोन निरनिराळे ड्रायव्हर आहेत, आणि दोन्ही एकदम बसविले तर ते एकमेकांच्या आड येतात. एकच ठेवावा.

चौथी पायरी: रेडिओ बंद तर नाही? जुन्या लॅपटॉपच्या कडेस वायफायचे एक सरकते बटण असते. 'आरएफकिल' ही आज्ञा सांगते की अडथळा बटणाचा आहे की प्रणालीचा. बटणाचा असेल तर बोटानेच दूर होतो. कोणतीही आज्ञा तेथे चालत नाही.

पाचवी पायरी: राउटरशी जमते काय? स्वस्त आणि जुने अडॅप्टर पुष्कळदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्यांना दिसणारच नाही. राउटर १२ किंवा १३ व्या वाहिनीवर असेल तरी काहींना तो सापडत नाही; तो १, ६ अथवा ११ वर आणावा. डब्ल्यूपीए ३ ही नवी सुरक्षापद्धती जुन्या अडॅप्टरांस बहुधा झेपत नाही. तेथे डब्ल्यूपीए २ ठेवावी. आणि जाळे जोडले गेले तरी पाने उघडत नसतील, तर संगणकाचे घड्याळ पाहावे. आतील बटणासारखा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे ओळख नाकारतात. थोड्या पैशांच्या सेलने हा रोग बरा होतो.

आता मोठा पेच असा की, फर्मवेअर आणावयाचे ते जाळ्यावरून, आणि जाळे लागावयाचे ते फर्मवेअर आल्यावर! याची चावी खिशातल्या मोबाइलमध्ये असते. अँड्रॉइड फोन केबलने संगणकास जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. लिनक्स त्या फोनला तारेचे जाळे समजते, आणि निराळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. फोन स्वतः वायफायवर असला तरी तेच जाळे तो तारेने पुढे देतो. ब्रॉडकॉमच्या काही फाइली तर बसविताना जाळ्यावरूनच उतरवाव्या लागतात. तेथे हा मार्ग फारच उपयोगी पडतो.

प्रणाली बसविण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्या. यंत्र ३२ बिटांचे की ६४ बिटांचे? लुबुंटूने ३२ बिटांच्या नव्या आवृत्त्या केव्हाच थांबविल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तसल्या यंत्रांवर प्रणाली बसविण्याची सोय उरली नाही. दुसरे असे की, डिस्क पुसण्याआधी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. वायफाय तेथे लागले तर बसविल्यावरही लागण्याचा संभव मोठा. न लागले तर वरील पाच पायऱ्या तेथेच चढाव्या. घरातील छायाचित्रे आणि हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे, हे सांगणे नकोच.

कोणा अनोळखी माणसाने लिहिलेला ड्रायव्हर न समजता बसविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तो आज चालतो. कर्नलची नवी आवृत्ती आली की पुष्कळदा पुन्हा घडवावा लागतो, आणि ज्यास त्याची घडण ठाऊक नाही तो पुन्हा पहिल्या जागी येतो. त्यापेक्षा ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा अडॅप्टर पाहून घ्यावा. अथेरॉसच्या एआर ९२७१ या चिपचे फर्मवेअरसुद्धा २०१३ पासून खुले आहे, म्हणजे खैरातच्या यंत्रावरील ते कुलूपही येथे नाही.

हलक्या प्रणालीने जुने यंत्र नवे होते, असा दावा आम्ही करीत नाही. आजची संकेतस्थळे जड आहेत, आणि १ जीबी स्मृतीवर ती अडखळणारच. पण मराठी टंकलेखन, हिशेबाची वही, सातबारा पाहणे, मुलांचा अभ्यास, इतके काम २ ते ४ जीबीचे यंत्र चांगले करते. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. तार गावात पोचावी आणि शेवटच्या दहा हातांवर एका फाइलीपायी सारे अडावे, हे काही शोभण्यासारखे नाही. प्रत्येक शाळेने आपल्या संगणकाशेजारी एक वही ठेवावी आणि तीत चिपचा क्रमांक, ड्रायव्हरचे नाव व लागलेला उपाय लिहून ठेवावा. पुढच्या गुरुजींना तीच वही उपयोगी पडेल, आणि शेजारच्या गावालाही.