मोटारीतील इमानी पहारेकरी

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण येतो, आणि त्याआधीच्या नव्हेनाच्या दिवसांत बेळगाव व खानापूर भागांतील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे चोर्ला अथवा अनमोड घाट उतरून जुन्या गोव्याची वाट धरतात. आज खेड्यातही पुष्कळांच्या दारी लहानशी मोटार उभी असते. कुणी ती नवी घेतलेली असते, कुणी वापरलेली. पुढील काचेपाशी जपमाळ असते, प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांचे पदक असते, आणि मागच्या बाकावर पेंगुळलेली मुले व आजी असतात. अशा गाडीचे दिवे परतीच्या वाटेवर, घाटाच्या ऐन वळणावर एकाएकी विझले तर काय करावे, हे गाडी हाकणाऱ्यास ठाऊक असलेच पाहिजे. या संकटाचे मूळ अनेकदा एका नखाएवढ्या वस्तूत असते. तिला आपण फ्यूज म्हणतो. शास्त्रीय मराठीत तिला ‘वितळतार’ असे सार्थ नाव आहे.

फ्यूज कशासाठी?

तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागला की तार थोडीफार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. मोटारीच्या बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेले असते. म्हणून एखाद्या तारेवरचे आवरण घासून गेले आणि आतील तांबे सांगाड्यास टेकले, तर प्रवाहाला दिव्यातून अथवा भोंग्यातून जाण्याचे कारण उरत नाही. तो जवळच्या वाटेने धावत सुटतो. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. बॅटरी अवघी १२ व्होल्टची असली, तरी अशा वेळी ती शेकडो अँपिअरचा लोंढा सोडू शकते. तार लाल होते, आवरण पेट घेते आणि पाहता पाहता गाडीला आग लागते.

हे टळावे म्हणून तारेच्या वाटेवर मुद्दामच एक दुबळा दुवा ठेवलेला असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो आधी वितळतो, वाट तुटते आणि बाकीची तार वाचते. ही कल्पना जुनी आहे. १८४७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे यांनी तारायंत्राच्या ठाण्यांचे आकाशातील विजेपासून रक्षण व्हावे म्हणून बारीक तार वापरण्याचे सुचविले होते, आणि १८९० साली अमेरिकेत एडिसन यांनी फ्यूजचे पेटंट घेतले. मोटारीत पूर्वी काचेच्या नळीतले फ्यूज असत. १९७० नंतरच्या दशकात प्लास्टिकच्या टोपीचे, दोन पात्यांचे फ्यूज निघाले, आणि आज बहुतेक सर्व गाड्यांत तेच आढळतात.

या फ्यूजचा रंग हीच त्याची ओळख होय. फिकट तपकिरी तो ५ अँपिअरचा, गडद तपकिरी साडेसातचा, तांबडा १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, रंगहीन पारदर्शक तो २५ चा आणि हिरवा ३० चा. शिवाय टोपीवर आकडाही छापलेला असतो.

शोध कसा घ्यावा?

काही बंद पडले की फ्यूजच गेला असे समजू नये. पुढील दोन दिव्यांपैकी एकच विझला असेल, तर आधी त्याचा बल्ब पाहावा. पुष्कळ गाड्यांत दोन्ही दिव्यांना स्वतंत्र फ्यूज असतात, जेणेकरून दोन्ही एकदम विझू नयेत. म्हणून बल्ब शाबूत असेल तर त्याच्या फ्यूजकडे वळावे. परंतु भोंगा, वायपर, आतील दिवा यांसारख्या दोन-तीन वस्तू एकाच क्षणी मुक्या झाल्या, तर संशय प्रथम फ्यूजवरच घ्यावा.

गाडी रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर उभी करावी. हॅन्डब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. मुलांना रहदारीच्या उलट बाजूने उतरवून सुरक्षित जागी बसवावे. त्यानंतरच फ्यूजपेटीस हात लावावा.

बहुतेक गाड्यांत अशा दोन पेट्या असतात. एक चालकाच्या गुडघ्यांपाशी डॅशबोर्डखाली, दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणाच्या आतील बाजूस कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. तो नसेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतोच. पेटीत बहुधा प्लास्टिकचा लहानसा चिमटाही ठेवलेला असतो. त्याने फ्यूज धरून सरळ वर ओढावा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, कारण त्याचे टोक शेजारच्या पात्यास लागून नवेच शॉर्ट सर्किट होण्याचा संभव असतो.

फ्यूज उजेडाकडे धरून पाहावा. टोपीतून आतील धातूची पट्टी दिसते. ती अखंड असेल तर फ्यूज चांगला. मध्येच तुटली असेल तर तो गेला. तुटलेल्या पट्टीवरून कारणाचाही अंदाज येतो. पट्टी स्वच्छ वितळून फट पडली असेल, तर त्या तारेवर थोडा अधिक भार पडत होता असे बहुधा समजावे. टोपी आतून काजळून काळी झाली असेल, तर मोठा लोंढा एकदम आला, म्हणजे शॉर्ट सर्किट झाले, असा तर्क करावा.

कित्येकदा पट्टीतील चीर डोळ्यास दिसत नाही. त्यासाठी मिस्त्रीजवळ असतो तसा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घरी ठेवणे चांगले. त्याचा चिमटा सांगाड्याच्या रंग नसलेल्या लोखंडास लावावा, किल्ली फिरवून ती वस्तू चालू करावी, आणि फ्यूजच्या डोक्यावर धातूचे जे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्यांना क्रमाने टोक लावावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत आहे. एकीकडेच लागला तर फ्यूज गेला. कोठेच लागला नाही, तर त्या फ्यूजपर्यंत वीजच पोहोचत नाही. दोष अन्यत्र शोधावा.

बदलताना एकच नियम

नवा फ्यूज जुन्या फ्यूजच्याच आकाराचा आणि तेवढ्याच अँपिअरचा असावा, हा नियम कधीही मोडू नये. वस्तू बंद करून, किल्ली काढून, तो दोन बोटांनी दाबून नीट बसवावा आणि मग वस्तू चालू करून पाहावी. हे काम दोन मिनिटांचे आणि काही रुपयांचे आहे.

जवळ दुसरा फ्यूज नसेल, तर ज्याच्यावाचून अडत नाही अशा वस्तूचा, उदाहरणार्थ रेडिओचा, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज काढून दिव्याला लावावा आणि घर गाठावे. त्याहून कमी अँपिअरचा लावला तर फार तर तो लवकर जाईल. जास्तीचा मात्र लावू नये; आणि तांब्याची तार गुंडाळणे, सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद दाबून बसविणे, हे तर सर्वथा वर्ज्य समजावे. अशा जुगाडाने दिवा लागतो खरा, परंतु पहारेकऱ्याला दाराबाहेर काढून आपण निजतो. पुढच्या वेळी कागद वितळत नाही, तार जळते.

एक साधा हिशेब पाहा. गाडीचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे, म्हणजे एकूण ११० वॅट. त्यास १२ ने भागले की सुमारे ९ अँपिअर प्रवाह येतो. घाटात लांबवर दिसावे म्हणून कुणी १०० वॅटचे बल्ब बसविले, तर तोच प्रवाह १७ अँपिअरच्या जवळ जातो, आणि तारेतील उष्णता तिपटीहून अधिक होते. फ्यूज वारंवार जाऊ लागतो. मग कुणी शहाणा ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज बसवून देतो. तार मात्र तीच असते! बल्बची शक्ती वाढविली, फ्यूजची वाढविली, पण तारेची कुणी वाढविली नाही. ती आवरणाच्या आत मुकाट्याने करपत राहते.

पुन्हा गेला तर?

नवा फ्यूज लागलीच गेला, तर तिसरा लावून पाहण्यात अर्थ नाही. त्या वाटेवरील सर्व वस्तू बंद कराव्यात आणि एकेक चालू करून कोणत्या वस्तूसरशी फ्यूज जातो हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. कारणे बहुधा नेहमीचीच असतात. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरलेले उंदीर तारा कुरतडतात. मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरून गंज चढतो. मोबाइलच्या चार्जरसाठी असलेल्या भोकात मुलांनी नाणे टाकलेले असते. मोठा भोंगा अथवा जादा दिवे बसविताना तारेला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते.

दोन ठिकाणी मात्र आपण हात घालूच नये. एअरबॅगच्या तारांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील जाड नारिंगी तारांत प्राणघातक दाब असतो. ही कामे जाणकाराचीच होत.

वाचकहो, येत्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर घरातील थोरल्या मुलामुलींना बरोबर घेऊन आपल्या गाडीची फ्यूजपेटी एकदा उघडून पाहा. प्रत्येक रंगाचे दोन-दोन फ्यूज, चिमटा आणि लहान विजेरी एका डबीत घालून गाडीत ठेवा. आपली सदसद्विवेकबुद्धीही अशीच आहे. ती टोचते तेव्हा गैरसोय होते, काम अडते, आणि तिला गप्प बसविण्याचा मोह पडतो. पण ती ज्या क्षणी अडविते, त्याच क्षणी ती आपले घर राखीत असते. संत ख्रिस्तोफरांची प्रार्थना करून प्रवासाला निघावे, आणि फ्यूज योग्य अँपिअरचाच असावा. देवावरील भरवसा आणि आपल्या माणसांची काळजी या दोन्ही गोष्टी एकाच गाडीतून सुखाने प्रवास करतात.