फुप्फुसातील पहारेकरी

पौष महिना आला की आपल्या बिदर-कलबुर्गीच्या शिवारांत तुरीच्या राशी सुरू होतात. मळणीचे भुसकट वाऱ्यावर उडते, दालमिलच्या आसपास धुळीचा पडदा उभा राहतो. एकाच धुळीत दहाजण वावरतात. नऊजण शिंकून मोकळे होतात आणि दहाव्याची मात्र छाती घरघरू लागते. असे का व्हावे? आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तथापि हा प्रश्न प्रत्येक घराचा असल्याने त्याचा विचार येथे करू.

माणूस दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्यासवे धूळ, परागकण व बुरशीचे सूक्ष्म बीजाणूही आत शिरतात. फुप्फुसातील वायुकोशांत यासाठी भक्षक पेशींचा पहारा असतो. अशा पेशींचे कार्य उलगडणाऱ्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञास १९०८ साली नोबेल पारितोषिक लाभले. या पेशी आलेला कण गिळतात आणि कसलाही गाजावाजा न करता शांतता राखतात.

दुसरे पहारेकरी श्वासनलिकेच्या अस्तरात असतात. त्यांना फांद्यांसारखे फाटे असल्याने आपण शाखायुक्त पेशी म्हणू. त्या कणाचा नमुना जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात व तेथील सहायक पेशींना दाखवितात. बहुतेकांच्या शरीरात 'हा निरुपद्रवी' असा निवाडा होतो. काहींच्या शरीरात, बहुधा आनुवंशिक प्रवृत्तीमुळे, त्याच कणास शत्रू ठरविले जाते. यालाच आपण वावडे म्हणतो.

असा निवाडा झाला की 'आय-जी-ई' नावाचे प्रतिपिंड तयार होते. इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत त्याचा शोध लावला. हे प्रतिपिंड मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढे तोच कण पुन्हा आला की काही मिनिटांतच त्या पेशी हिस्टामीन आदी द्रव्ये सोडतात. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, कफ वाढतो आणि धाप लागते. काही तासांनी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात व अस्तरास सूज आणतात. धाप थांबली तरी ही सूज मागे राहते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

अशा कणांत गाजर गवताचे परागकणही आहेत. पुण्यात १९५५ साली हे गवत आढळले. आज ते आपल्याकडील रस्त्यांच्या कडेलाही फोफावलेले दिसते.

आता औषधाविषयी. एक औषध आवळलेले स्नायू सैल करून तत्काळ आराम देते, परंतु सूज कमी करीत नाही. दुसरे, हुंगावयाचे स्टेरॉइड, या चिडलेल्या पेशींना शांत करते. म्हणून बरे वाटत असतानाही ते वैद्यांच्या सल्ल्याने नित्य घ्यावे लागते. 'पंपाची सवय जडते' हा समज निराधार होय. तरीही आईबाप तो चारचौघांत लपवितात, मुलीच्या लग्नाच्या चिंतेने तर अधिकच. मृग नक्षत्राच्या प्रारंभी हैदराबादेस माशातून औषध घेण्यासाठी दुरून लोक जातात. कोणाच्या श्रद्धेस आम्ही दुखवू इच्छित नाही. परंतु त्या औषधाचा गुण शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नाही, आणि त्याच्या भरवशावर नित्याचे औषध बंद करणे जिवावर बेतू शकते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही वर्गात असा एखादा सोबती असेल. फळ्याचे डस्टर त्याच्याजवळ झटकू नका. पंप ओढताना त्याला हसू नका. धापेने त्याला एक वाक्यही पुरे करता येईना, अथवा त्याचे ओठ निळसर दिसू लागले, तर त्याला बसते ठेवा, त्याचा पंप त्याच्या हाती द्या आणि तत्क्षणी शिक्षकांना हाक मारा. अशा वेळी रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब परवडत नाही. त्याचे पहारेकरी दुबळे नाहीत. ते अतिदक्ष आहेत, इतकेच.