सुरवंटाला घरात आणू नका

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या माणसांकडे ऑक्टोबरात गेलात, तर लगबगीने रस्ता ओलांडणारा एक गुबगुबीत सुरवंट आपल्याला दिसेल. दोन्ही टोकांना काळा, मधे तांबूस. तिकडे त्याला 'वूली बेअर', म्हणजे लोकरी अस्वल म्हणतात. त्याचा पुढे इसाबेला टायगर मॉथ हा पतंग होतो. तांबूस पट्टा पाहून हिवाळा कसा जाणार ते सांगायची तिथे जुनी हौस आहे. त्यात तथ्य नाही. तो पट्टा वयानुसार रुंदावतो.

दिवस लहान झाले की सुरवंट आडोसा शोधतो. पाचोळा, झाडाची सैल साल, दगडाखालची फट, काहीही चालतं. तिथे तो वेटोळं करून सुप्तावस्थेत जातो, म्हणजे वाढ आणि हालचाल जवळजवळ थांबवून पडून राहतो.

इथे आपला पहिला गैरसमज होतो, की एवढे केस म्हणजे त्याची गोधडीच. पण गोधडी आपल्याच अंगची ऊब धरून ठेवते. सुरवंटाच्या अंगात तशी ऊब तयारच होत नाही. भोवताल जितका गार, तितकाच तोही गार.

म्हणून तो थंडी टाळत नाही, गोठायची तयारी करतो. त्याच्या शरीरात ग्लिसरॉल तयार होतं. भेगाळलेल्या टाचांना आपण थंडीत लावतो, ते ग्लिसरीन हेच.

आता खरी कसोटी. पेशींच्या आत बर्फ झाला, तर जीव संपला. सुरवंटाच्या अंगात बर्फ धरतो तो पेशींबाहेरच्या द्रवात. तिकडचं पाणी गोठत जातं, तसं पेशींमधलं पाणीही बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसतात. हे आक्रसणं हाताबाहेर जाऊ न देण्याचं काम ग्लिसरॉल करतं. सुरवंट खड्यासारखा कडक होतो, पण जिवंत असतो. आर्क्टिकमधला त्याचा एक दूरचा भाऊबंद तर उणे 70 अंश सेल्सिअसलाही तगतो. पतंग व्हायला त्याला सुमारे 7 वर्षं लागतात.

बिघडतं ते बहुधा ऊब आल्यामुळे. एकदाच गोठून राहिलेल्यांपेक्षा पुन्हापुन्हा गोठणारे-वितळणारे सुरवंट जास्त मरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपण कीव येऊन त्याला हीटरच्या खोलीत ठेवलं, तर तो जागा होतो, साठवलेली शक्ती खर्चून बसतो, आणि बाहेर खायला हिरवं पान नसतं. मुलांना पाळायचाच असेल, तर हवा खेळणाऱ्या डब्यात पाचोळा घाला आणि डबा बाहेर ठेवा. ऊन आणि पाऊस लागणार नाही अशा जागी.

वसंतात तो वितळतो, थोडं खातो, स्वतःचे केस गुंफून कोष विणतो आणि काही आठवड्यांनी पिवळसर पतंग होऊन बाहेर पडतो. तेव्हा मार्चमध्ये अंगण झाडताना कडक वेटोळं हाती लागलं, तर मेलं म्हणून फेकू नका. पुन्हा पाचोळ्यात ठेवा.