लुकलुकणारा दिवा आणि उरलेलं एक निरीक्षण



पीएचडीची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "संशोधनात समस्या सोडवायची असते म्हणतात, पण रोज सकाळी उठून नक्की करायचं काय असतं?" याचं उत्तर द्यायला मी आज प्रयोगशाळेतलं उदाहरण घेत नाही. आमच्या घरच्या हॉलमधला दिवा घेते. त्या दिव्याने मला जे शिकवलं, ते संशोधन पद्धतीच्या तासाला बसूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

प्रकरण काय होतं

आमच्या हॉलमध्ये तीन होल्डरचं जुनं झुंबर आहे आणि बोर्डावर त्याचा डिमर आहे. आधी त्यात ४० वॅटचे तीन पिवळे बल्ब होते. बाबांनी वीज वाचवायला ५ वॅटचे तीन एलईडी लावले आणि तेव्हापासून दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी दोनदा बल्ब बदलून आणले. दुकानदार म्हणाला, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर बसवा.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले आणि शास्त्रज्ञ असल्याच्या थाटात काम हातात घेतलं. वेगळ्या कंपनीचे बल्ब आणले, एक होल्डर सैल वाटला म्हणून तो वायरमनकाकांकडून बदलून घेतला आणि फ्रिजचा प्लग दुसऱ्या बोर्डावर नेला. लुकलुकणं थांबलं. मी बाबांना सांगून टाकलं, "होल्डरच खराब होता."

दोन दिवसांनी दिवा पुन्हा लुकलुकायला लागला.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? एक चूक लगेच दिसते, तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. दुसरी मला उशिरा कळली. ते दोन दिवस घरात पाहुणे होते, त्यामुळे हॉलचा दिवा सतत पूर्ण उजेडावर होता. पाहुणे गेल्यावर आईने रात्री टीव्ही बघताना डिमर खाली केला आणि दिवा परत सुरू झाला. म्हणजे मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. ज्या परिस्थितीत दोष दिसतो, ती परिस्थितीच दोन दिवस आली नव्हती.

आधी नीट बघायचं

मग मी एक वही घेतली. "दिवा लुकलुकतो" हे वाक्य निरीक्षण म्हणून फार ढोबळ आहे. मराठीत यासाठी किती शब्द आहेत बघा: दिवा लुकलुकतो, फडफडतो, मिणमिणतो, उघडझाप करतो. यातलं नेमकं काय होतंय, आणि कधी?

मी स्वतःला चार प्रश्न विचारले. एकच दिवा लुकलुकतो की घरातले सगळे? डिमरच्या कोणत्या स्थितीत? दुसरं काही यंत्र चालू झाल्यावर होतं का? आणि डिमर बंद असतानाही मंद उजेड राहतो का?

या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात. पाण्याची मोटर सुरू होताना सगळे दिवे क्षणभर मंद होत असतील, तर मोटर सुरुवातीला जास्त करंट ओढते म्हणून व्होल्टेज खाली येतं. काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही नेहमीपेक्षा प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता असते. ते धोक्याचं आहे. तिथे प्रयोग करत बसू नका, मेन स्विच बंद करून लगेच वायरमनला बोलवा. बटण बंद असूनही एलईडी मिणमिणत असेल, तर बटणातल्या छोट्या इंडिकेटरमधून किंवा डिमरमधून झिरपणारा किंचित करंट त्याला पुरतो.

आमच्याकडे फक्त हॉलचा दिवा लुकलुकत होता, तोही डिमर निम्म्याच्या खाली नेल्यावर. व्होल्टेजचा प्रॉब्लेम असता तर शेजारच्या खोलीतही काहीतरी दिसायला हवं होतं. त्यामुळे स्टॅबिलायझरचे पैसे तिथेच वाचले.

डिमर आत काय करतो

बऱ्याच जणांना वाटतं, डिमर नळासारखा व्होल्टेज कमी करतो. घरातले साधे डिमर तसं करत नाहीत. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध-लहरी. डिमरमधला ट्रायॅक नावाचा घटक प्रत्येक अर्ध-लहरीत थोडा वेळ थांबतो आणि मग चालू होतो. जितका जास्त थांबतो, तितका उजेड कमी. एकदा चालू झालेला ट्रायॅक त्यातून पुरेसा करंट वाहत असेपर्यंतच चालू राहतो. या किमान करंटला होल्डिंग करंट म्हणतात. करंट त्याच्या खाली गेला की ट्रायॅक बंद पडतो.

आता हिशेब करू. ४० वॅटचे तीन बल्ब म्हणजे १२० वॅट. भागिले २३०, सुमारे ०.५२ अँपिअर. ५ वॅटचे तीन एलईडी म्हणजे १५ वॅट, ढोबळमानाने ०.०६५ अँपिअर. करंट आठपट कमी झाला. त्यात एलईडी बल्बच्या आतलं सर्किट हा करंटही सलग घेत नाही, छोट्या झटक्यांत घेतं. ट्रायॅकला होल्डिंग करंट मिळत नाही, तो मध्येच बंद पडतो, कधी परत चालू होतो, कधी एखादी अर्ध-लहर पूर्ण चुकवतो.

सेकंदाला १०० वेळा होणारा नियमित बदल आपल्या डोळ्याला सहसा जाणवत नाही. पण दर काही लहरींनंतर एक चुकली, तर सेकंदाला पाच-दहा वेळा होणारा बदल तयार होतो आणि तो ठळक दिसतो. पिवळ्या बल्बमध्ये तापलेली तार लगेच थंड होत नसल्यामुळे असे खड्डे झाकले जात. एलईडीत ती सोय नाही.

अंदाज आधी लिहायचा, मग चाचणी

स्पष्टीकरण पटलं म्हणजे ते सिद्ध झालं असं नाही. मी वहीत लिहिलं: "होल्डिंग करंट हे कारण असेल, तर तीनपैकी एका जागी जुना ४० वॅटचा बल्ब लावल्यावर उरलेल्या दोन एलईडींचंही लुकलुकणं थांबायला हवं." एकट्या पिवळ्या बल्बचा करंट ०.१७ अँपिअरच्या आसपास असतो, तो ट्रायॅकला चालू ठेवेल.

अंदाज आधी लिहिण्याचं महत्त्व इथे आहे. निकाल बघितल्यावर कोणतंही स्पष्टीकरण त्यावर बसवता येतं.

आधी झुंबरातले एलईडी एकेक करून बेडरूममध्ये साध्या बटणावर लावून बघितले. तासभर स्थिर. म्हणजे बल्ब स्वतःहून खराब नव्हते. मग झुंबरात एक पिवळा बल्ब लावला आणि डिमर खाली केला. दोन्ही एलईडी शांत! पिवळा काढून परत एलईडी लावला, लुकलुकणं परत आलं. हे मी तीनदा केलं, कारण बल्ब काढताना-लावताना होल्डरला हात लागतो, आणि फरक त्यामुळे पडला असंही कुणी म्हणू शकलं असतं. बदल केल्यावर दोष जातो आणि बदल मागे घेतल्यावर परत येतो, हे दोन्ही दिसायला हवं.

बल्ब बदलताना दरवेळी बटण बंद करा आणि पिवळा बल्ब थंड होऊ द्या, हे वेगळं सांगायला नको.

आई काय म्हणत होती

मी खुशीत होते. कारण सापडलं होतं, पुरावा होता, हिशेबही जुळत होता. तेव्हा आई म्हणाली, "अगं, पण मी इस्त्री करते तेव्हा पूर्ण उजेडावर असला तरी थरथरतो तो."

खरं सांगते, मी ते उडवून लावलं. "आई, तुला भास होत असेल" असंही म्हणाले. माझ्या स्पष्टीकरणात ते बसत नव्हतं, एवढंच त्यामागचं खरं कारण होतं. होल्डिंग करंटचा प्रश्न डिमर खाली असताना येतो. पूर्ण उजेडावर, तोही इस्त्रीच्या वेळी, दिवा थरथरण्याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री वही चाळताना ते खटकलं. दुसऱ्या दिवशी आईसोबत बसले. हॉलच्या बोर्डावर इस्त्री, दिवा पूर्ण उजेडावर. इस्त्रीचा लाल दिवा लागला की झुंबर थरथरायचं, लाल दिवा विझला की शांत. दहापैकी दहा वेळा. मग हीच इस्त्री स्वयंपाकघरातल्या बोर्डावर लावली. हॉलचा दिवा दहाच्या दहा वेळा स्थिर. वीज तीच, इस्त्री तीच, बदलला तो फक्त बोर्ड. म्हणजे दोष बाहेरून येणाऱ्या विजेत नव्हता, हॉलच्या बोर्डाच्या वाटेवर होता.

आम्ही तो बोर्ड वापरणं थांबवलं आणि वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. प्लग आणि डिमर या दोघांना फेज पुरवणारी वायर स्क्रूपाशी सैल झाली होती. तिचं आवरण तपकिरी पडून ठिसूळ झालं होतं, हात लावल्यावर तुकडे पडत होते.

याचाही हिशेब करा. १००० वॅटची इस्त्री साधारण ४.३५ अँपिअर घेते. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरला, तर करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे सुमारे साडेनऊ वॅट उष्णता, आणि तीही एका स्क्रूच्या टोकाशी, बंद बोर्डात, प्लॅस्टिकला चिकटून. आग लागायला अशीच सुरुवात होते. नुसत्या एलईडींच्या करंटने त्याच जोडात नगण्य उष्णता झाली असती. दिवा फक्त बातमी देत होता. ती बातमी आईने महिनाभर आधी ऐकली होती आणि मी तिला भास म्हणाले होते.

उपाय

जोड काकांनी नवीन वायर घालून घट्ट केला. डिमरसाठी तीन पर्याय होते. एक, डिमर काढून साधं बटण लावणं, हे सर्वांत स्वस्त. दोन, एलईडीसाठी बनवलेला डिमर आणि 'डिमेबल' लिहिलेले बल्ब एकत्र वापरणं. नुसते बल्ब बदलून भागेलच असं नाही, कारण जुन्या डिमरला लागणारा किमान भार तेव्हाही कमीच पडू शकतो. तीन, एक पिवळा बल्ब कायम ठेवणं. चाचणीसाठी तो उत्तम होता, पण बाबांना वीज वाचवायची होती. आम्ही दुसरा पर्याय घेतला. तुमच्या घरी साधे, डिमेबल नसलेले एलईडी डिमरवर असतील तर ते काढा, त्यांचं सर्किट लवकर खराब होऊ शकतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या फोटोडिटेक्टरच्या मोजमापात सिग्नल उड्या मारत होता. मी केबल, पॉवर सप्लाय आणि झाकण असं सगळं एकाच आठवड्यात बदललं. उड्या थांबल्या. सहामाही अहवालात मी "सदोष केबल" असं कारण लिहून मोकळी झाले. तीन महिन्यांनी उड्या परत आल्या. त्या शांत आठवड्यात मी रात्री, खोलीतले दिवे बंद करून मोजमापं घेत होते. खोलीतल्या दिव्यांचा १०० हर्ट्झचा उजेड झाकणाच्या फटीतून आत जात होता. पुढच्या बैठकीत समितीसमोर स्वतःचंच कारण खोडावं लागलं. पाहुण्यांच्या त्या दोन दिवसांची आणि या आठवड्याची गोष्ट एकच आहे, हे मला त्या दिव्यामुळे दिसलं.

म्हणून संशोधनाला येण्याआधी घरातलाच एखादा छोटा दोष निवडा. गळणारा नळ, मध्येच तुटणारं वायफाय, आवाज करणारा पंखा, काहीही चालेल. वहीत चार रकाने आखा: काय दिसलं, कोणत्या परिस्थितीत, माझा अंदाज काय, चाचणीत काय झालं. एका वेळी एकच बदल करा आणि तो मागे घेऊनही बघा.

आणि शेवटी पाचवा रकाना ठेवा: माझ्या स्पष्टीकरणात न बसलेल्या गोष्टी. तो रिकामा राहिला, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा, त्यांनी काय बघितलंय. माझ्या वहीत त्या रकान्यात आता आईच्या अक्षरात एक ओळ आहे. तिने स्वतःच लिहिली आहे: "इस्त्रीच्या वेळी थरथरतो."