सातबाऱ्याच्या कडेची पट्टी

सातबारा कागदावर होता तोवर तो कुठे संपतो हे कुणाला सांगावं लागत नसे. तलाठ्याची सही-शिक्का आला की उतारा संपला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सामाईक जमिनींचे उतारे लांबलचक असतात. आजोबांच्या जागी लागलेले मुलगे, सासरी गेलेल्या मुली, त्यांच्या पाठोपाठ वारसानं चढलेली नातवंडं, इतर हक्कात एखादं जुनं कूळ, सोसायटीचा बोजा. पण पानं दोन आहेत की पाच, हे हातात घेताच कळायचं.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. बिनसहीचा उतारा महाभूलेख संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. सोय मोठी झाली, यात वाद नाही. टोकावड्याहून तालुक्याला मारायचा एखादा तरी हेलपाटा वाचला. मात्र पडद्यावर एका वेळी उताऱ्याचा तुकडाच दिसतो. बाकीचा किती उरलाय, हे सांगायचं काम कडेच्या एका अरुंद पट्टीकडे आलं. तिचं नाव स्क्रोलबार.

स्क्रोलबार म्हणजे मजकूर खालीवर सरकवायचं साधन, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. तिचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. भातसा धरणावर पाण्याची पातळी दाखवणारी आकड्यांची पट्टी असते, तशी ही मजकुराची पातळी दाखवते: एकूण किती, आपण कुठे, उरलं किती. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत 1970च्या दशकात ही पट्टी आकाराला आली. 1981च्या झेरॉक्स स्टारवर ती होती, 1984च्या मॅकिंटॉशवरही होती. पण त्या मॅकवर पट्टीतला सरकता चौकोन कायम एकाच मापाचा असे. मजकूर दोन पानांचा असो की दोनशे पानांचा, चौकोन तेवढाच. विंडोज 95नं चौकोनाची लांबी मजकुराच्या मापात बसवली आणि अशी पट्टी लाखो घरांत पोचवली. चौकोन लांब असेल तर मजकूर थोडा, बारका असेल तर भरपूर. न वाचता कळणारी माहिती होती ती, आणि अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल अशी.

मग चाक आलं. मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस 1996चा. चाक फिरवलं की मजकूर सरकतो म्हटल्यावर पट्टीला हात लावायचं कारणच उरलं नाही. 2007च्या आयफोननं बोटानं मजकूर ढकलायला शिकवलं. साडेतीन इंची पडद्यावर कडेला कायमची पट्टी ठेवायला जागा तरी कुठून आणायची? तिथवर ठीक होतं. पण जुलै 2011मध्ये अॅपलनं मॅक ओएस लायनमध्ये मोठ्या पडद्यावरची पट्टीही लपवली. सरकवताना दिसते, थांबलं की विरून जाते. अँड्रॉइडवर बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा, आणि विंडोज 11मध्येही पट्टी बारीक होऊन कडेला दबा धरून बसते. पडदा स्वच्छ दिसतो, हे मान्य. पण ही स्वच्छता संगणकावर रोज दहा तास घालवणाऱ्यांच्या आवडीची आहे. पट्टी हे मजकूर हलवायचं साधन होतं, ती जागा चाकानं आणि बोटानं घेतली. ती सांगत होती ते आता कोण सांगणार, हा प्रश्न कुणी विचारल्याचं दिसत नाही.

शहापूरच्या बाजारातल्या एका ई-सेवा केंद्रावर हे दिसलं. डोळखांबकडून आलेली एक आजी टेबलापलीकडून पडद्याकडे बघत होती. केंद्रचालक तरुण, हात सफाईचा. त्यानं चाकाला एक झटका दिला आणि दहा-बारा नावं वर निघून गेली.

"थांब रे पोरा. माझं नाव येऊन गेलं का?"

"आजी, अजून खाली आहे."

"खाली म्हणजे किती खाली?"

तो नुसता हसला. त्यालाही सांगता येईना, कारण पडद्याच्या कडेला काहीच नव्हतं.

हा प्रश्न म्हातारपणाचा चाळा नव्हे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. अशा रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा उताऱ्यावरचं प्रत्येक नाव पैशाशी बांधलेलं असतं.

उतारा उघडण्याआधीची पायरीही पाहण्यासारखी आहे. आधी विभाग, मग जिल्हा, तालुका, आणि शेवटी गाव निवडायचं. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सातच तालुके उरले, त्यामुळे तिथवर अडत नाही. गावांची यादी मात्र लांब. संगणकावर अशी यादी उघडून पहिलं अक्षर दाबलं की त्या अक्षरापाशी उडी मारता येते. पण यादी देवनागरीत आणि कळफलक रोमन. एस दाबून सरळगाव येत नाही, डी दाबून धसई येत नाही. इंग्रजी यादीसाठी पट्टी ही सोय आहे, मराठी यादीसाठी तिच्यावरच बरंचसं अवलंबून राहावं लागतं. तीच अरुंद केली की शेजारच्या ओळीवर बोट पडतं आणि खुर्दाऐवजी बुद्रुक उघडतं.

ई-पीक पाहणीचं अॅप 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालं. तिथे तर शेतकरी स्वतःच बांधावर उभा. खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पिकाचा प्रकार, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख, शेवटी फोटो. खरिपाची नोंद करायची म्हणजे मुरबाडात पाऊस चालूच असतो. ओल्या बोटाला फोनचा पडदा धड दाद देत नाही. बोट सरकवायला जावं तर निवड होते, निवडायला जावं तर यादी सरकते. त्यात यादीची शेवटची दिसणारी ओळ पडद्याच्या काठाला नेमकी पूर्ण बसली, तर यादी तिथेच संपली असं वाटतं. शेतात नागली किंवा वरई असलेला माणूस दिसेल त्यातलंच काहीतरी निवडून मोकळा होतो. उपाय अगदी स्वस्त आहे: शेवटची ओळ मुद्दाम अर्धी कापलेली दाखवायची. अर्धी ओळ दिसली की खाली काहीतरी आहे हे पोरालाही कळतं. आणि ही नोंद शोभेची नाही. आधारभूत किमतीनं भात घालायचा तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते.

नियम नाहीत असंही नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती 2023ची. सुलभतेच्या जागतिक निकषांच्या ऑक्टोबर 2023च्या आवृत्तीत बोट ठेवायची जागा किमान 24 बाय 24 पिक्सेल हवी, असं कलम आलं. गंमत अशी की ब्राउझरच्या स्वतःच्या स्क्रोलबारला त्यातून सूट आहे. म्हणजे ज्या पट्टीसाठी हा नियम सर्वांत आधी हवा होता, तीच त्याच्या बाहेर!

तोवर ज्याच्या त्याच्या हातात एवढं आहे. विंडोज 11 असेल तर सेटिंग्जमध्ये सुलभतेच्या विभागात दृश्य परिणामांखाली स्क्रोलबार कायम दाखवण्याचं बटण असतं; मॅकवर ते दिसण्याच्या सेटिंग्जमध्ये सापडतं. सेतू किंवा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी ते आजच चालू करावं आणि पडदा समोरच्या माणसाकडे थोडा वळवावा. आणि पुण्या-मुंबईत बसून अशी अॅपं बनवणाऱ्यांनी पुढची आवृत्ती काढण्याआधी ऑगस्टात मुरबाडच्या एखाद्या बांधावर, साध्या फोनवर, ओल्या हातानं ती एकदा स्वतः भरून बघावी.