मामांची गाडी पुण्याला येते

मामा गेले, त्यानंतर वर्षभराने कोलकात्याहून मामीचा फोन आला. "अरे, जागा विकायची ठरलीय. गाडीचं काय करू? भंगारवाला दोनदा येऊन गेला."

गाडी म्हणजे 1964 सालची ॲम्बेसिडर, मार्क टू. हुगळीकाठच्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात तयार झालेली. 2014च्या मे महिन्यात त्या कारखान्यातलं काम थांबलं. लहानपणी सुट्टीत गेलो, की तिच्या मागच्या सीटवर आम्ही पाच भावंडं दाटीवाटीने बसायचो. मी म्हटलं, "भंगारवाल्याला नाही म्हणून सांग. मी येतो."

म्हणायला काय जातं! कोलकाता ते पुणे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. गाडी चालवत आणावी, असं एक मन म्हणत होतं. पण ब्रेक जुने, रबरी नळ्या कडक झालेल्या आणि टायर वर्षानुवर्षं एकाच जागी उभे. तेव्हा ट्रकवर चढवूनच आणायची ठरली.

पहिला धडा कागदांचा. गाडी मामांच्या नावावर होती. त्यामुळे आधी वारसाच्या नावे नोंद करायची, मग तिथल्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर तिथे नव्याने नोंदणी लागते. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2021 साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले नसतील, तर गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. मात्र मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची.

दुसरा धडा मला पाच हजारांना पडला. एका दलालाने स्वस्तात बंद ट्रक कबूल केला, आगाऊ पैसे घेतले आणि आला तो उघडा ट्रक. बरोबर नारळाचे दोर. हमाल दोर थेट बंपरला बांधायला लागला, तेव्हा मी हात जोडले आणि ट्रक परत पाठवला. आगाऊ रक्कम गेली, ती गेलीच.

दुसऱ्या वाहतूकदाराचा माणूस जाणता होता. त्याने पट्टे चाकांवरून घेतले. मी कारण विचारलं. तो म्हणाला, पट्टा बॉडीला किंवा चॅसीला आवळला, की पाटे दाबले जातात. खड्ड्यात गाडी आणखी खाली बसते, तेवढ्यापुरता पट्टा सैल होतो आणि पुढच्याच क्षणी हिसका बसतो. असे हजारो हिसके बसले, की काहीतरी तुटणारच. चाकं जखडली, तर वरची गाडी आपल्या स्प्रिंगांवर मोकळी डोलत राहते. शिवाय पट्टे पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरांत थोडे ढिले पडतातच, म्हणून तिथे थांबून पुन्हा आवळायचे.

पेट्रोल अगदी थोडं ठेवलं, बॅटरीची तार काढली. मी हौसेने नवं कापडी कव्हर नेलं होतं. ते त्याने घडी करून डिकीत टाकलं. प्रवासात कापड फडफडतं, त्याखाली धूळ शिरते आणि रंगावर पॉलिश कागद घासल्यासारखे ओरखडे उठतात. त्यापेक्षा बंद ट्रक बरा.

सगळ्यांत महत्त्वाची ती बिल्टी. आपण सही करतो, वाचत नाही. रस्ते वाहतुकीचा 2007चा कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. मालाची किंमत त्याहून जास्त असेल, तर ती आधीच लेखी जाहीर करून जास्त दर द्यावा लागतो. म्हणून गाडीचं मूल्यांकन करून घ्यावं, प्रवासाचा वेगळा विमा उतरवावा, चारी बाजूंनी फोटो काढावेत आणि आधीचा प्रत्येक पोचा बिल्टीवर लिहून घ्यावा.

ट्रक निघायच्या वेळी मामी म्हणाली, "मूळ आरसी बुक कुठंय?" मी ते विश्वासाने गाडीच्याच खणात ठेवलं होतं! जुनी नोंद, मूळ कागद तो एकच. वाटेत हरवला असता, तर गाडी पोहोचूनही बेवारस ठरली असती. मामीने तो काढून माझ्या हातात दिला.

खरगपूर, संबलपूर, रायपूर, नागपूर करत आठव्या दिवशी ट्रक पुण्यात आला. फोटो समोर ठेवून गाडी तपासली. नवा ओरखडा एकही नव्हता. पण मागची चाकं फिरेनात. चूक माझीच. ट्रकवर चढवल्यावर मी हँडब्रेक ओढून ठेवला होता. पावसाळी दमट हवेत ब्रेक ड्रमला चिकटून बसले. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावले असते, तर पुरलं असतं. मेकॅनिकने तासभर ठोकठोक करून ते सोडवले.

संध्याकाळी मामीचा फोन आला. "पोहोचली का रे?" मी काही न बोलता बॅटरी जोडली, फोन खिडकीशी धरला आणि हॉर्न वाजवला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मामी म्हणाली, "आवाज तोच आहे. आता तिला पावसात ठेवू नकोस."

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)